१० बाय १२ च्या शेतघरासाठी लाकडाची बंद शेगडी: २५ हजारांत काय घ्यावं?

अंजनेरी_शेतघर

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीच्या पायथ्याशी एक खोलीचं शेतघर आहे. आतून १० बाय १२ फूट, नऊ इंची विटांच्या भिंती, दोन्ही बाजूंनी प्लास्टर. वर कलर कोटेड पत्रा, त्याखाली साडेआठ फुटांवर पीव्हीसीचं सीलिंग. एक दार, दोन खिडक्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री खोली चांगलीच गारठते. वीज भरवशाची नाही, त्यामुळे हीटर नको.

धुराडं असलेली, दार बंद होणारी लाकडाची शेगडी बसवायची आहे. वर चहाचं आधण ठेवता आलं तर उत्तम. नळी, बसवणं सगळं धरून बजेट २५ हजार. समोर तीन पर्याय आहेत: हिमाचलकडचा पत्र्याचा तंदूर (खोली तापवायची तिथली लाकडाची शेगडी) मागवणं, अंबडच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेणं (तो ३ मिमी पत्रा म्हणतोय), किंवा बाहेरून आलेली बिडाची तयार शेगडी. तिसऱ्यात एकट्या शेगडीलाच बजेट संपतं. घरच्यांना दाराला काच हवी आहे.

प्रश्न असे: किती मोठी शेगडी लागेल? ३ मिमी चालेल का? धुराडं पत्र्यातून काढू की भिंतीतून? आणि शेजारच्या द्राक्षबागेतल्या काड्या नि खोडं फुकट मिळतात, ती जाळता येतील का?

पत्रा_आणि_प्लेट

आधी माप, कारण इथेच बहुतेक लोक चुकतात आणि गरजेपेक्षा दुप्पट शेगडी घेतात.

बाहेर ८ अंश आणि आत २० हवे असतील, तर फरक १२ अंशांचा. तुमचा पत्रा सुमारे ११ चौरस मीटर आहे. सीलिंग हिशोबात न धरता उघडा पत्रा समजलं, तर तिथून ९०० वॉटच्या आसपास उष्णता जाईल. भिंती दारं-खिडक्या धरून साधारण ३७ चौरस मीटर, त्यातूनही तितकीच. फटींतून येणाऱ्या थंड हवेचे अडीचशे धरा. एकूण झाले दोन, फार तर सव्वादोन किलोवॉट. सीलिंगमुळे प्रत्यक्षात थोडं कमीच लागेल. म्हणजे तीन किलोवॉटची शेगडी तुम्हाला भरपूर झाली. बाजारात ‘छोटी’ म्हणून सात-आठ किलोवॉटची दाखवतील, ती घेऊ नका. मोठी शेगडी या खोलीत पूर्ण तापवली तर अर्ध्या तासात खिडक्या उघडाव्या लागतात. मग माणूस हवेचं भोक बंद करून आग दाबून ठेवतो, आणि दाबलेल्या आगीतून धूर, डांबर नि विषारी वायू तिन्ही वाढतात.

पेटीचं माप बाहेरून १२ इंच रुंद, १२ उंच, १६ खोल ठेवा. सगळ्या बाजू मिळून क्षेत्रफळ ०.६८ चौरस मीटर होतं. बाहेरचा पत्रा २०० अंशांवर असताना अशी पेटी दोन किलोवॉटच्या थोडी वर उष्णता देते, २५० अंशांवर तीन. आगीच्या बाजूला विटांचं अस्तर असतं तिथे पत्रा कमी तापतो, हे धरूनही तुमची गरज भागते. वरच्या पत्र्यावर चुंबकाचा थर्मामीटर चिकटवला की अंदाजपंचे काम उरत नाही.

आता जाडी. ३ मिमी चालतो, पण आतून विटा असतील तरच, आणि वरचा पत्रा तर तेव्हाही नको. ज्वाळा थेट लागते तिथे ३ मिमी लाल होतो, वाकतो. वरची बाजू वाकली की आधणाचं पातेलं डुगडुगतं, आणि दाराची चौकट वाकली की दार कधीच नीट मिटत नाही. पूर्ण पेटी ५ मिमी एमएस (साधं पोलाद) प्लेटची करा. ५ मिमी प्लेटचं वजन चौरस मीटरला ३९ किलो, म्हणजे पेटी जवळपास २७ किलो. आतली आडवी प्लेट (ती पुढे सांगतो), दार, पाय, कड्या धरून ४० किलोपर्यंत जाईल. प्लेटचा दर किलोला सत्तरच्या आसपास धरला तर माल तीन हजारांच्या आत बसतो. ३ मिमी वापरून फार तर हजारभर वाचतील, त्यासाठी शेगडीचं आयुष्य कमी करू नका.

फॅब्रिकेटरला या गोष्टी कागदावर काढून द्या. नळीचं तोंड वर, मागच्या बाजूला. त्याखाली ६ मिमीची आडवी प्लेट, मागच्या भिंतीला टेकलेली, पुढे दाराकडे किंचित वर चढणारी, आणि दारापाशी अडीच इंच जागा सोडलेली. ही नसेल तर ज्वाळा सरळ नळीत जाते आणि तुम्ही आकाश तापवत बसता. ही प्लेट वेल्ड करायची नाही, दोन्ही बाजूंच्या अँगलवर नुसती ठेवायची. सगळ्यात आधी तीच झिजते, ती काढता आली पाहिजे आणि नळी साफ करताना बाजूला सरकली पाहिजे. सगळे जोड सलग वेल्ड, टाके मारून चालणार नाही. पेटी तयार झाली की अंधारात आत टॉर्च लावून ठेवा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा शिरणार, तिथे पुन्हा वेल्ड मारून घ्या.

दाराच्या आतून पट्टीची खाच आणि त्यात १० मिमीची ग्लास फायबर दोरी. हार्डवेअरच्या दुकानात अजूनही अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी पुढे करतात, ती घेऊ नका. दार लावताना मध्ये कागदाची पट्टी धरा आणि ओढा. चारही बाजूंनी ती अडकली पाहिजे. सहज निघाली तर कडी किंवा बिजागरी जुळवावी लागेल.

काच सोडून द्या. साधी टफन्ड काच अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे भरवशाची नाही, थेट आगीसमोर फुटते. सिरॅमिक काच हवी, आणि ती या बजेटमध्ये नळीचे पैसे खाईल.

गोदाकाठ

वरचं सगळं पटलं. एक जोडतो: पैशाची वाटणी उलटी करा. पेटीवर कमी आणि धुराड्यावर जास्त. साध्या पेटीला चांगलं धुराडं असेल तर ती छान जळते. महागडी बिडाची शेगडी वाईट धुराड्यावर खोलीभर धूर करते.

धुराडं पत्र्यातूनच काढा. भिंतीतून काढलं की दोन काटकोन येतात, प्रत्येक काटकोन धुराची वर जाणारी ओढ कमी करतो. शिवाय बाहेरची पूर्ण उभी नळी थंड राहते आणि थंड नळीत धुरातलं डांबर आतून जमतं. सरळ उभी नळी स्वस्तही पडते.

व्यास पाच इंच. चार इंची नळी काजळीने लवकर तुंबते. उंची शेगडीच्या माथ्यापासून टोपीपर्यंत किमान १२ फूट, १५ मिळाली तर फार बरं. तुमची शेगडी पायांसह दोन फूट उंच धरली तर पत्र्यापर्यंत सात फूट मिळतात, म्हणजे पत्र्याच्या वर पाच-सहा फूट काढावी लागेल. तिथे दुसरा नियमही पाळला जातो: नळी पत्र्यातून जिथे बाहेर येते तिथून तीन फूट वर, आणि आडवं दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल (पत्र्याचा माथा, पाण्याची टाकी) त्याहून दोन फूट वर. नाहीतर वारा वरून खाली येऊन धूर परत आत ढकलतो. अंजनेरीकडे वारा जोराचा असतो, पाच फुटांपेक्षा जास्त उभी नळी तीन तारांनी ताणून बांधा.

जीआय पाइप आत वापरू नका. जस्ताचा लेप तापला की त्याचा धूर निघतो आणि तो श्वासात जायला नको. आतले सहा फूट २ मिमी एमएसची नळी, काळ्या उष्णतारोधक रंगाची. तिथून वर एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), ०.८ मिमी. सातपूर-अंबडमध्ये शीट रोल करून उभा जोड वेल्ड करून देणारे आहेत, तुकडे चार-चार फुटांचे करून घ्या.

आणि तुकडे कसे बसवायचे हे स्वतः उभं राहून पाहा. वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे. बरेच कारागीर उलट बसवतात, कारण धूर वर जातो म्हणून खालचा तुकडा वरच्यात घुसवणं त्यांना बरोबर वाटतं. पण नळीत डांबराचं पाणी खाली वाहतं. उलट बसवलं तर प्रत्येक जोडातून काळे ओघळ बाहेर येतात, त्याचा वास आठवडाभर जात नाही. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू.

अंजनेरी_शेतघर

एवढं सविस्तर लिहिलंत, फार आभार. पीव्हीसी सीलिंगचं काय करायचं? नळीभोवती दोन-तीन इंच जागा सोडून कापलं तर पुरेल का? आणि पावसाळ्यात तिथून गळणार नाही ना, ही घरच्यांची मुख्य भीती आहे.

गोदाकाठ

दोन-तीन इंच अजिबात पुरणार नाहीत. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, आणि जळालं तर त्याचा धूर फार वाईट. एकेरी नळीपासून जळाऊ वस्तू १८ इंच लांब हवी, हा जुना आणि पक्का नियम आहे. पाच इंचाची नळी आणि दोन्हीकडे अठरा, म्हणजे एक्केचाळीस इंच. सरळ साडेतीन बाय साडेतीन फुटांचं पीव्हीसी काढून टाका आणि तिथे ८ मिमीचा फायबर सिमेंट बोर्ड लावा, अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला. मागची बाजू भिंतीला टेकत असेल तर तिकडे भिंतीपर्यंत. बोर्डाला मध्ये सात इंची भोक आणि त्यावर पत्र्याची रिंग. सीलिंगच्या वर थर्माकोल किंवा फोम घातला असेल तर तोही तेवढ्या भागातून काढा. हे आधी तपासा, खालून दिसत नाही आणि नेमकं तेच पेटतं. सीलिंगमधून जाणारी वायरिंगही बाजूला घ्या.

गळतीसाठी: पत्र्याच्या पन्हळींवर बसणारं सिलिकॉनचं रबरी बूट मिळतं. लाल रंगाचं सिलिकॉन घ्या, काळं ईपीडीएम रबर तापमानाला टिकत नाही. बूट नळीला घट्ट, खालची कड पन्हळींच्या आकारात दाबून, खाली सीलंट, चहूबाजूंनी दोन-दोन इंचांवर वॉशरचे स्क्रू. वरची कड शक्यतो माथ्याच्या पट्टीखाली सरकवा म्हणजे वरून वाहणारं पाणी बुटाच्या मागे साचणार नाही. म्हणूनच नळी पत्र्याच्या माथ्याजवळून काढणं सगळ्यात चांगलं. बुटाच्या वर नळीला पत्र्याची तिरपी कॉलर, तिच्या वरच्या कडेला उष्णतारोधक सीलंट. त्र्यंबकचा पाऊस आडवा मारतो, कॉलर नसेल तर पाणी नळीवरून घसरत बुटात शिरतंच.

तुमचा पत्रा कलर कोटेड आहे म्हणून ठीक. इतर कुणी वाचत असेल तर: जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला भोक पाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ड्रिलने धूळ उडते. तिथे भिंतीतून काढणंच बरं, खाली साफसफाईचं झाकण असलेला टी लावून.

ओझरकर

द्राक्षाच्या लाकडाबद्दल लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न वारंवार येणार.

काड्या दोन वेळा मिळतात. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या जाडसर असतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात पावसाआधी कडकडीत वाळतात. ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या हिवाळा येईपर्यंत पुरत्या वाळत नाहीत, त्या पुढच्या वर्षासाठी ठेवा. काड्या फक्त पेटवणीसाठी. भराभर जळतात, नुसत्या काड्यांवर खोली तापवायची म्हटलं तर दर दहा मिनिटांनी उठावं लागेल. जुनी बाग काढतात तेव्हा मिळणारी खोडं मात्र उत्तम जळण आहे, जड, सावकाश जळणारं. खोडातल्या तारा, खिळे, प्लास्टिकच्या सुतळ्या काढूनच आत टाका.

फवारणीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बागेवर बोर्डो आणि इतर ताम्रयुक्त औषधं मारलेली असतात, ती सालीवर राहतात. म्हणून हे लाकूड धुराडं असलेल्या बंद शेगडीतच जाळा, उघड्या चुलीवर भाकरी भाजायला नको. राखेत तांबं राहतं, ती भाजीच्या वाफ्यात टाकू नका. खोडांची सैल साल ठोकून काढली तर बराच भाग तिथेच निघून जातो.

मुख्य जळण म्हणून बाभूळ किंवा सुबाभूळ. वखारीत लाकूड वजनावर मिळतं, म्हणजे ओल्या लाकडात तुम्ही पाण्याचे पैसे मोजता. क्विंटलमध्ये ३५ टक्के ओल असेल तर ३५ किलो पाणीच घरी आणलंत. फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, दहा-अकरा इंचांचे तुकडे करा (तुमची पेटी आतून त्याहून लांब आहे, पण काठोकाठ भरायची नाही), मनगटाएवढे फोडा, आणि छपराखाली विटांवर रचा. बाजू उघड्या, वरून झाकलेलं. ताडपत्रीत गुंडाळलं तर पावसाळ्यात बुरशी येते. २० टक्क्यांच्या खाली ओल आली पाहिजे. मॉइश्चर मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, वाळलेले टणत्कारतात, ओले धप्प वाजतात. मीटर असेल तर तुकडा फोडून आतल्या बाजूला टोचा, बाहेरून टोचलेला आकडा फसवतो.

लागणारं जळण: वाळक्या लाकडाच्या किलोत साधारण चार युनिट उष्णता असते, अशा साध्या शेगडीत त्यातली निम्मी खोलीत येते. दोन किलोवॉट हवे तर तासाला एक किलो. संध्याकाळचे चार-पाच तास म्हणजे पाच किलो.

एमआयडीसीतले पॅलेट फुकट मिळतात म्हणून आणणार असाल तर शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचं, ते नको. शिक्काच नसेल, किंवा तेल-रसायन सांडल्याचे डाग असतील, तर नको. प्लायवूड, सनमायका, रंगवलेलं लाकूड कधीच नाही.

सरपण

तंदूरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. हिमाचलचा पत्र्याचा तंदूर स्वस्त आहे, वर भांडी ठेवायची सोय चांगली असते, आणि तीन किलोवॉटची गरज तो सहज भागवेल. पण पत्रा पातळ, दार नुसतं लटकणारं, हवेवर ताबा नाही. आग एकतर भडकते नाहीतर विझते. सोबत येणारी नळी बहुतेकदा चार इंची जीआय असते, ती बदलावीच लागेल. मग वाचलेले पैसे तिथेच गेले. थंडी दीड-दोन महिने आणि तीही शनिवार-रविवारीच राहणार असाल, तर वाईट पर्याय नाही. रोजच्या वापराला फॅब्रिकेटरचीच.

दोन गोष्टी कुणी सुचवल्या तर ऐकू नका. एक, जुन्या २०० लिटरच्या ड्रमची शेगडी: पत्रा जेमतेम एक-सव्वा मिमी, आणि आधी त्यात काय भरलेलं होतं ते कळत नाही. दोन, जुना गॅस सिलिंडर कापून केलेली. घरगुती सिलिंडर कंपनीच्या मालकीचा असतो, आणि उरलेल्या गॅसवर कटर लावणं जीवावरचं काम आहे.

पाणी तापवायचा बंबही खोलीत आणू नका. त्याची नळी छोटी, वर उघडी. तो अंगणासाठीच बनलेला आहे.

पत्रा_आणि_प्लेट

विटांचं राहिलं होतं. तीन इंची अख्ख्या फायरब्रिक लावल्या तर बारा इंचांच्या पेटीत सहा इंचच उरतात. सव्वा इंचाच्या फायरब्रिक टाइल मागा, ९ बाय साडेचारच्या. तळाला पाच आणि तिन्ही भिंतींना सहा इंच उंचीपर्यंत सात, एकूण बारा. त्या सिमेंटमध्ये बसवू नका, सिमेंट तापून भुरभुरतं. तळाला नुसत्या ठेवा, बाजूंना अँगलच्या तुकड्याने अडकवा. तडा गेला तरी जागेवर राहतात, बदलायला सोप्या.

हवेसाठी दाराच्या खाली सरकणारी पट्टी, त्या पट्टीमागे पाऊण इंची चार भोकं. नळीत फिरकीचा डॅम्पर (धूर कमी-जास्त सोडणारी झडप) लावायचाच असेल तर त्याच्या तबकडीला पाव भाग भोक ठेवा, पूर्ण मिटणारा नको.

पाय आठ इंच, खाली विटांचा एक थर. शहाबादी किंवा कडप्पा थेट पेटीखाली नको, तापून चिरतो. दारापुढे १८ इंचांपर्यंत चटई, गादी काही नाही. प्लास्टरच्या भिंतीपासून आठ इंच पुरेत, पण लाकडी कपाट किंवा पडदा असेल तिथे तीन फूट.

पहिल्या तीन आगी अंगणात, छोट्या, प्रत्येक मागचीपेक्षा जरा मोठी. रंग भाजताना जो धूर निघतो तो खोलीत नको.

अंजनेरी_शेतघर

एकूण हिशोब बसेल ना? आणि रात्री झोपताना जळत ठेवली तर चालेल का?

गोदाकाठ

माझा अंदाज: पेटी मजुरीसह आठ-नऊ हजार, विटा-दोरी-रंग दीड हजार, नळी, टोपी, बूट, कॉलर मिळून नऊ-दहा, सीलिंगचं काम दीड-दोन. बावीस हजारांच्या आसपास. प्रत्यक्ष दर मागवलेत तर थोडा फरक पडेल, पण उरलेल्यातून पहिली खरेदी कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची करा. ही खरेदी मागे ढकलू नका. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तुमची खोली फक्त तीस घनमीटरची आहे. धुराचा अलार्म वेगळा, तो याच्या जागी चालत नाही. शेगडीपासून एक ते तीन मीटरवर, झोपता त्याच बाजूला लावा आणि महिन्याला बटण दाबून तपासा.

रात्री जळत ठेवून, हवा बंद करून झोपायचं नाही. झोपायच्या तासभर आधी शेवटचं लाकूड घाला, हवा उघडी ठेवा, ज्वाळा संपून निखारे राहू द्या. विटा आणि प्लेट त्यानंतरही काही वेळ धग देतात, बाकीचं काम रजई करेल. निखारे काळे पडेपर्यंत खिडकी दोन बोटं उघडी. शेगडीमागे भिंतीत चार इंची नळीचं हवेचं छिद्र, बाहेरून जाळी लावून, कायमचं ठेवलंत तर जास्त चांगलं. सध्या निखाऱ्यांची उघडी शेगडी किंवा घमेलं खोलीत नेत असाल तर ते आजपासून बंद करा.

पेटवताना मोठे तुकडे खाली, त्यावर काड्या, सगळ्यात वर ढलप्या, आणि आग वरून लावायची. धूर कमी होतो. नळी फार गार असेल आणि धूर उलटा येत असेल, तर आडव्या प्लेटच्या वर, नळीच्या तोंडाशी आधी एक कागदाचा बोळा जाळा.

सरपण

राख लोखंडी, झाकणाच्या बादलीत, घराबाहेर. दोन दिवस तरी तिला गरम समजा. प्लास्टिकच्या बादलीत किंवा पालापाचोळ्यावर नको. तळाला बोटभर राख ठेवून बाकीची काढा.

नळी हंगामात एकदा पाच इंची ब्रशने, टोपी काढून वरून. आत ३ मिमी थर दिसला की हंगाम संपायची वाट न पाहता लगेच. टोपीला पाखरांसाठी जाळी लावाल तर अर्ध्या इंचाची, बारीक जाळी काजळीने बुजते.

मे संपायच्या आत सगळी राख बाहेर काढा, कारण राख ओल धरते आणि पावसाळ्यात तळाची प्लेट तिथूनच गंजते. आतून जुन्या तेलाचा बोळा फिरवा, दार किंचित उघडं ठेवा म्हणजे आत दमट हवा कोंडणार नाही. पुढच्या हंगामात तेल जळेपर्यंत पहिल्या आगीला खिडक्या सताड उघड्या.